तिसरा व्हॉल्व्ह

अक्का बांगड्या काढून काचेच्या ताटलीत ठेवायला लागल्या की समजायचं, आता पाच तास इथून कुणी हलायचं नाही. दोन्ही हातांतल्या मिळून बारा हिरव्या बांगड्या, त्यांच्यावर मोबाईल, आणि ती ताटली कपाटाच्या डोक्यावर. मग पदर खोचायचा, केसांना रुमाल बांधायचा आणि आमच्याकडे वळून विचारायचं, "जेवलाव का?"

जेवलो नसलो तर त्या परत पाठवायच्या. "उपाशी पोटी व्हॅक्यूम न्हाय" हा त्यांचा नियम होता. सुरुवातीला मला ती थट्टा वाटली. पण उपाशी माणूस घाई करतो, घाईत व्हॉल्व्ह लवकर उघडतो, आणि लवकर उघडलेला एक व्हॉल्व्ह पाच तासांचं काम पाच सेकंदांत मातीत घालतो, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. संशोधनाला येणाऱ्या मुलांचं पोट हा त्यांच्या दृष्टीनं यंत्राचाच एक भाग होता.

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान विभागाच्या पहिल्या मजल्यावर ही प्रयोगशाळा आहे. तिथं काचेच्या पट्ट्यांवर धातूचे फार पातळ थर बसवतात. त्यासाठी आधी एका मोठ्या काचेच्या हंडीतली हवा काढून टाकावी लागते. हंडीखाली दोन पंप असतात. पहिला पट्ट्यावर फिरणारा, धडधड आवाज करत हवा उपसणारा. दुसऱ्याच्या पोटात तेल उकळत असतं आणि त्या तेलाच्या वाफा उरलीसुरली हवा खाली ढकलतात. दोघांना पुस्तकात लांबलचक नावं आहेत. अक्का त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायच्या. "थोरला धापतो, धाकटा तापतो. दोघांस्नी सांभाळलं की झालं," एवढं त्यांचं पहिलं व्याख्यान. उरलेलं आम्ही पाठ्यपुस्तकातून वाचायचं.

त्यांचं नाव सुगलाबाई बिराजदार. हुद्दा प्रयोगशाळा सहायक. माहेर दुधनीचं, तिथल्या धान्याच्या आडतीवर वाढलेल्या. घरी कन्नड, कॉलेजात मराठी, आणि यंत्राच्या माहितीपुस्तकापुरतं इंग्रजी, पण ते मात्र शब्दन् शब्द पाठ. विभागप्रमुखांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा हे मला माहीत नव्हतं. मी दारात उभी राहून "गुड मॉर्निंग, मॅम" म्हटलं, तर त्यांनी मागं वळून पाहिलं, आपल्या पाठीमागं कोण उभं आहे ते.

मागं कुणी नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "मॅम वरच्या मजल्यावर बसत्यात. हितं अक्का."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. घरात आम्ही मराठी बोलतो, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की माझं वाक्य तोंडातच दोनदा तपासलं जातं आणि तोवर विषय बदललेला असतो. अक्कांना ही भानगड आठवड्यात कळली. त्यांनी माझं नाव मुकी ठेवलं. "ए मुके, ते स्पॅनर दे की." राग यायला हवा होता, पण त्या इतक्या सहज म्हणायच्या की मी चटकन स्पॅनर द्यायचे. विभागात मला पहिल्यांदा कुणी तरी नावानं हाक मारत होतं, मग ते नाव असलं का असेना.

यंत्र चालू असताना त्याला सोडून जायचं नाही, आणि प्रयोगशाळेत खायचं नाही, हे दोन नियम एकमेकांच्या आड येतात. अक्कांनी त्यावर तोड काढली होती. व्हरांड्याच्या जाळीला त्यांनी तारेनं एक आरसा बांधला होता, तो असा तिरका की पायरीवर बसून डबा खाताना आतल्या तबकडीवरचा, हंडीत किती हवा उरली ते दाखवणारा काटा दिसावा. आरसाही याच यंत्रानं बनवलेला, ॲल्युमिनियमचा थर दिलेली काच. त्या कडक भाकरी मोडायच्या, शेंगाचटणीवर दही ओतायच्या आणि जेवता जेवता आरशाकडं बघून आतल्या माणसाला हुकूम सोडायच्या. पाहुण्यांना वाटायचं, बाई आरशात स्वतःला न्याहाळतायत आणि स्वतःशीच भांडतायत.

बांगड्यांवरून एकदा गंमत झाली होती. ती माझ्या आधीची, पण विभागात सगळ्यांना तोंडपाठ आहे. बाहेरून तपासणीला आलेल्या एका प्राध्यापक बाईंनी अक्कांचे मोकळे हात बघितले आणि हळूच बाजूला घेऊन विचारलं की सवाष्ण असून असं कसं. अक्कांनी ताटली खाली काढून दाखवली. म्हणाल्या, बांगडी फुटून तुकडा धाकट्याच्या पोटात गेला तर यंत्र वर्षभर बंद, मग अपशकुन कुणाचा धरायचा? बाईंनी आत जाताना स्वतःच्या बांगड्याही त्याच ताटलीत काढून ठेवल्या. जाताना अदलाबदल झाली. त्यातली एक सोन्याची होती, ती अक्कांना दुसऱ्या दिवशी लॉजवर नेऊन द्यावी लागली.

दुसरी गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. कर्नाटकातून एक पाहुणे प्राध्यापक आले होते. घनदाट दाढी, आणि व्हॅक्यूम या विषयावर त्यांचं पुस्तक. त्यांनी सकाळपासून हंडी चारदा बसवली, चारदा काढली, पण काटा एका ठिकाणी येऊन थांबायचा. त्यांनी गेजला दोष दिला, तेलाला दिला, सोलापूरच्या उन्हालाही दिला. अक्का कोपऱ्यात स्टुलावर बसून होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, मी बघू का? हंडी उचलली, तिच्या खालच्या रबरी कड्यावरून एक बोट फिरवलं आणि चिमटीत धरून एक केस वर उचलला. कुरळा, काळाभोर. त्यांनी तो सरांच्या दाढीजवळ नेला, रंग जुळवून पाहिला, आणि कन्नडमध्ये काही तरी म्हणाल्या. सर एवढे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. नंतर मी विचारलं काय म्हणालात, तर म्हणाल्या, "म्हटलं, पुस्तकात दाढीचा धडा घाला की."

त्या दिवसापासून रुमाल दाढीलाही लागू झाला.

अक्कांचा राग ओळखायची एकच खूण होती. एरवी त्यांचं बोलणं हाय-न्हायचं, मध्ये कन्नडचा शिडकावा. काही चुकलं तर "साकु साकु," म्हणजे पुरे पुरे, "हो बाजूला." हे सगळं प्रेमाचं. पण ज्या दिवशी त्या शुद्ध मराठी बोलू लागत त्या दिवशी लोक वाट बदलत. एकदा थंड पाण्याची नळी तीन दिवस कुणी दुरुस्त केली नव्हती, तेव्हा त्या विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाल्या होत्या, "आपण एकदा प्रयोगशाळेत येऊन पाहावे, अशी आपणास विनंती आहे." आमचे सर भले गृहस्थ. त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला आणि स्वतः नळी धरायला आले.

हेच सर गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसले आणि बराच वेळ दुसरंच बोलत राहिले. अक्कांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. विभागाला नवं यंत्र मिळणार होतं, बटणावर चालणारं, आणि त्याला खोली हवी होती. जुनं यंत्र भंगारात काढायचं की ठेवायचं, हे ठरवायला बाहेरून तिघांची समिती येणार होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, अकरा वाजता. त्यांच्यासमोर यंत्रानं एक चांगला थर बसवून दाखवला तर ते राहील. नाही तर गाडी बोलावायची.

अक्का म्हणाल्या, "दावू की." एवढंच. पण सर गेल्यावर त्या थोरल्याच्या पट्ट्याला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी गेले तर जाऊ दे. मी म्हातारी झाले. ह्याला काय झालंय?"

मलाही त्या यंत्राशिवाय गत्यंतर नव्हतं, माझे निम्मे नमुने व्हायचे होते. पण मी हे त्यांच्या बरोबरीनं मांडणार नाही. मला दुसऱ्या कॉलेजात जाऊन काम करता आलं असतं. त्यांना तीस वर्षं दुसरीकडं नेता येणार नव्हती.

त्यांनी समितीसाठी धाकट्याचं तेल बदललं. नवं तेल घातलं की त्यात मुरलेली हवा निघून जाईपर्यंत यंत्र बराच काळ सलग चालवावं लागतं. घटस्थापना झाली, माळा वाढत गेल्या, आणि काही ना काही कारणानं हा सलग दिवस मिळेना. एकदा पाणी नव्हतं, एकदा कॉलेजात परीक्षा. शेवटी उरली खंडेनवमी. दसऱ्याला सुट्टी, आणि त्यानंतर थेट समिती.

खंडेनवमीला आमच्या विभागात यंत्रं चालत नाहीत. हा कुठल्या परिपत्रकातला नियम नाही, अक्कांचा आहे. त्या दिवशी सगळी अवजारं धुवून पुसून मांडायची, झेंडूची फुलं वाहायची, आणि थोरल्याच्या लोखंडी कपाळावर अक्का भस्माचे तीन पट्टे ओढायच्या. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस सुट्टी. मला वाटलं होतं, त्या नाहीच म्हणतील. त्या सकाळी लवकर आल्या, इरकल साडी नेसून, आणि दारातच म्हणाल्या, "चालत्या बैलाला झूल घालत न्हाईत का? घालत्यात. चालू कर."

पंप सुरू झाला. अक्कांनी धडधडणाऱ्या थोरल्यावर पट्टे ओढले. हात हलत असल्यानं ते वाकडे आले. धाकटा तापला, वरचा मोठा व्हॉल्व्ह उघडला, काटा उतरू लागला. फार छान उतरत होता. पावणेअकराला अक्कांनी मला स्टुलावर बसवलं, काट्यावरून नजर काढू नकोस म्हणाल्या, आणि खाली गेल्या.

खाली जाणं त्यांना भाग होतं. कॉलेजच्या मागच्या बाजूला मुख्य विजेच्या पॅनेलची खोली आहे. तिथं वायरमन चौगुले दर खंडेनवमीला पॅनेलची पूजा करतात, आणि नारळ अक्कांच्या हातचाच फुटतो. प्राचार्य हजर असले तरी नारळ अक्कांचा. असं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी काहीच विचारत नसे.

अकरा वाजून काही मिनिटं झाली असतील. पंपाचा आवाज खाली खाली येत थांबला. पंखा दोनदा गरगरला आणि थांबला. काट्याचा दिवा विझला.

वीज गेल्यावर काय करायचं हे भिंतीवर लिहिलेलं आहे, पण ते मी कधी केलेलं नव्हतं. कॉलेजचा जनरेटर ऑफिसपुरता आहे. मी वरचा मोठा व्हॉल्व्ह बंद केला. मग दोन पंपांमधला बंद केला. हे दोन मी इतक्या चटकन केले की माझं मलाच नवल वाटलं. तिसरा व्हॉल्व्ह छोटा, थोरल्याच्या तोंडाशी. तो उघडायचा असतो. उघडला की थोरल्यात बाहेरची हवा शिरते आणि त्याचं तेल जागच्या जागी राहतं. मी त्याला हात लावला आणि थांबले. दोन वर्षं मला एकच गोष्ट शिकवली होती, हवा आत येऊ द्यायची नाही. एका केसाएवढीसुद्धा. आणि आता मी माझ्या हातानं हवा आत सोडायची? मी हात काढून घेतला.

मी अक्कांना फोन लावला. फोन कपाटावर वाजला, बांगड्यांवर.

मग नळी भरताना दिसली. थोरल्याला जोडलेली जाड पारदर्शक नळी आहे, तिच्यातून काळपट तेल वर चढत होतं. सावकाश, अगदी निवांत, जसं काही त्याला कुणी बोलावलं होतं.

खाली त्याच वेळी काय झालं ते चौगुल्यांनी मला नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथं होते असंच मला वाटतं. त्यांनी फुलं वाहिली, उदबत्ती लावली, आणि ओल्या कुंकवाचं बोट लावण्याआधी रीतीप्रमाणं मुख्य खटका खाली ओढला. अक्का नारळ डोक्याच्या वर उचलून उभ्या होत्या. आरती सुरू झाली, आणि अक्का नारळ तसाच धरून राहिल्या. चौगुल्यांना वाटलं, ध्यान लागलं. मग अक्कांनी नारळ खाली आणला, न फोडता, आणि म्हणाल्या, "चौगुले, मी वरून सांगेपर्यंत आपण हा खटका वर करू नये."

चौगुले म्हणतात, ते 'आपण' ऐकून त्यांच्या हातातलं निरांजन विझलं.

खटका लगेच वर करा, असं कुणीही ओरडलं असतं. पण नळीत तेल चढलेलं असताना पंप अचानक सुरू झाला तर तो जागीच जाम होईल हे अक्कांना माहीत होतं. म्हणून त्यांनी वीज बंदच ठेवली आणि स्वतः धावल्या. गुडघे दुखणारी, अठ्ठावन्नाची बाई, इरकल साडीत, काखेत नारळ. त्या दारात आल्या तेव्हा तेल नळीच्या वरच्या वळणाशी पोचलं होतं. त्यांनी तिसरा व्हॉल्व्ह उघडला. हवेचा फुस्स आवाज आला, तेल थबकलं आणि हळूहळू परत फिरलं. बरंचसं. थोडं वळण ओलांडून गेलं होतं. मग त्यांनी बादलीतल्या पाण्यात फडकी भिजवून तापलेल्या धाकट्याच्या अंगावर घातली, मीही घातली, आणि आम्ही दोघी फरशीवर बसलो. नारळ मध्ये.

मी सॉरी म्हटलं. इंग्रजीत, दोनदा.

"तू कशाला? खटका मीच पाडला की," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी, चौगुल्यांच्या आधीच्या वायरमननं खंडेनवमीला चालू पॅनेलला ओलं कुंकू लावलं आणि तो भिंतीवर जाऊन आदळला. जगला, पण दोन बोटं गेली. तेव्हा अक्कांनी कार्यालयात जाऊन भांडण केलं, महिनाभर शुद्ध मराठी बोलल्या, आणि नियम करवून घेतला की पूजेआधी मुख्य खटका पाडायचाच. म्हणून नारळाचा मान त्यांचा. तेव्हापासून दर खंडेनवमीला अकरा वाजता सगळ्या कॉलेजची वीज दहा मिनिटं जाते, आणि कुणाचं काही बिघडत नाही, कारण त्या दिवशी अक्कांच्या दुसऱ्या नियमानं सगळी यंत्रं बंद असतात.

"दोन नियम केले मी," त्या म्हणाल्या. "आज एक मोडला, तर दुसऱ्यानं मला धरलं. बरोबरच हाय की त्याचं."

विभागप्रमुख धावत आले. अक्कांनी त्यांना काहीही न लपवता सगळं सांगितलं, माझं नाव न घेता. सर नळीकडं बघून फार मऊ आवाजात म्हणाले की अक्का, राहू द्या आता, नवीन येतंयच, तुम्ही तरी किती ओढणार. ते खरंच काळजीनं बोलत होते. अक्का उठल्या, पदर झटकला.

"आपण परवा अकरा वाजता समितीस घेऊन यावे," त्या म्हणाल्या.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी कॉलेजात आम्ही तिघंच होतो. अक्का, मी आणि चौगुले. चौगुल्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते अपराधी चेहऱ्यानं आपणहून आले होते, खिशात आपट्याची पानं घेऊन. आम्ही नळी काढली, जोड उघडले, एक एक भाग पेट्रोलमध्ये धुतला, मग पुसला, मग पुन्हा धुतला. चौगुले बॅटरी धरून उभे होते. मध्येच म्हणाले, "अक्का, लोक आज सोनं लुटत्यात. आपण तेल पुसतोय."

"तुज्यामुळंच पुसतोय की रे बाबा."

"खटका पाडायचा नियम कुणाचा?"

"गप बस. बॅटरी नीट धर."

हे दिवसभर चाललं. दोघं एकमेकांवर ढकलत होते आणि दोघांना त्यात मजा येत होती. दुपारी अक्कांनी पुरणपोळी काढली. ती आरशासमोरच्या पायरीवर बसून खाल्ली, जरी आत बघण्यासारखा काटा चालू नव्हता. संध्याकाळी जोड बसले. पंप लावला. थोरला आधी खोकला, मग ठसका लागल्यासारखा थांबत थांबत चालला, मग लागला धापायला. चौगुल्यांनी आपट्याचं पान त्याच्यावर ठेवलं. ते थरथरत खाली पडलं.

समितीचे तिघं दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. काटा मात्र वेळेवर उतरेना. नळीत कुठं तरी तेलाचा अंश राहिला होता, तो निघायला वेळ लागत होता. पाऊण तास झाला, एक तास झाला. समितीतले ज्येष्ठ गृहस्थ घड्याळ बघू लागले. सर माझ्याकडं बघू लागले, मी जमिनीकडं. अक्का शांतपणे पुढं झाल्या आणि त्यांना विचारलं, जेवलात का? तिघांनाही व्हरांड्यातल्या पायरीवर बसवलं, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही पुढं ठेवलं, आणि आरसा दाखवून सांगितलं की यातून काट्यावर लक्ष ठेवा, मला कळवा. तिघं मोठे प्राध्यापक भाकरी मोडत आरशात बघत बसले. थोड्या वेळानं त्यांच्यात पैज लागली, काटा कधी उतरणार यावर. उतरला तेव्हा बाहेरून ओरडणारे तेच होते.

थर चांगला आला. उत्तम नव्हता. एका कडेला किंचित दुधी झाक होती, आणि ती अक्कांनीच बोट ठेवून दाखवली. ज्येष्ठ गृहस्थांनी काच उजेडात धरून पाहिली आणि मग तो प्रश्न विचारला, ज्याची सरांना भीती होती. यंत्र ठीक आहे, पण तुम्ही निवृत्त होताय. नंतर हे चालवणार कोण?

सर काही तरी जुळवू लागले. अक्का मध्येच म्हणाल्या, "परवा लाईट गेली तवा ही पोरगी एकटी होती. दोन व्हॉल्व्ह बरोबर बंद केले हिनं. तिसरा उघडला न्हाय, कारण मी तिला नुसतं वाचायला लावलं, करायला लावलं न्हाय. चूक माझी हाय. दीड महिना हाय माझ्याकडं."

गृहस्थांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. होय म्हणायला हवं होतं हे मला माहीत होतं. अहवालात त्यांनी लिहिलं, यंत्र अध्यापनासाठी राखून ठेवावे.

आणि मग तो दीड महिना. आमच्या खिडकीच्या बरोबर खाली भिंतीला एक पेटी आहे, तिच्यात फक्त आमच्या प्रयोगशाळेचा खटका आहे. अक्का न सांगता खाली जायच्या आणि तो पाडायच्या. कधी सकाळी, कधी मी तबकडीवरचा आकडा लिहीत असताना, एकदा मी शिंकत असताना. मी तिन्ही व्हॉल्व्ह हाताळायचे, वर येऊन त्या बघायच्या, आणि मग खटका वर. पहिल्यांदा मला एक मिनिट लागलं. मग कमी. मग माझे हात माझ्या आधी जाऊ लागले. अक्का शाबासकी द्यायच्या नाहीत. "तडी" म्हणायच्या, म्हणजे थांब, आणि पुन्हा खाली जायच्या.

निवृत्तीच्या दिवशी दुपारी सभागृहात कार्यक्रम झाला. शाल, नारळ, भाषणं. सरांनी मध्येच आपला कागद शेजारच्यांना दिला. अक्का मात्र खुशीत होत्या. निरोप द्यायला फाटकापर्यंत येणारी माणसं आपल्याला आवडत नाहीत, तिथं उगीच रडारड होते आणि गाडी चुकते, असं त्या सगळ्यांना बजावत होत्या. त्यांना संध्याकाळच्या गाडीनं दुधनीला भावाकडं जायचं होतं, आणि स्टेशनवर चौगुले स्कूटरवरून सोडणार होते.

कार्यक्रम संपल्यावर त्या वर आल्या. बांगड्या काढल्या नाहीत. मला म्हणाल्या, तुझे चार नमुने राहिलेत ना, लाव यंत्र. मी म्हटलं उद्या लावते. म्हणाल्या, "उद्याचं उद्या. आज लाव." त्या स्टुलावर बसून राहिल्या. धाकटा तापला, काटा उतरला. मग त्या उठल्या, थोरल्याकडं नाही, माझ्याकडंही नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "बरं," आणि गेल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज उतरत गेला. मी खाली जाऊ शकत नव्हते. चालू यंत्र सोडून कसं जाणार? तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की हे त्यांनी मुद्दाम केलंय.

पाच मिनिटांनी वीज गेली.

पहिला, दुसरा, तिसरा. हवेचा फुस्स आवाज. नळीतलं तेल हललंसुद्धा नाही. मी खिडकीशी गेले. खाली अक्का उभ्या होत्या, खांद्यावर नवी शाल, एक हात पेटीतल्या खटक्यावर. मागं चौगुले स्कूटर चालू ठेवून, मांडीवर अक्कांची पिशवी घेऊन बसले होते. आजूबाजूला सुटलेल्या वर्गांची मुलं, शिक्षक, सायकल स्टँडवरची गर्दी. अक्का वर बघत होत्या. त्या काही विचारत नव्हत्या. वरून सांगितल्याशिवाय त्या खटका वर करणार नव्हत्या, आणि त्यांची गाडी होती.

माझं वाक्य तोंडात दोनदा तपासायला वेळ नव्हता.

"अक्का," मी खिडकीतून ओरडले, सगळ्या आवारात जाईल एवढ्या मोठ्यानं, "करा वर!"

सायकल स्टँडवरची मुलं वर बघू लागली. अक्कांनी मान हलवली, मुलं बघतायत म्हणून पदर सारखा केला, आणि खटका वर ढकलला. माझ्या मागं दिवे लागले. तिसरा व्हॉल्व्ह बंद करून थोरल्याला पुन्हा कामाला लावायचं होतं, म्हणून मी लगेच वळले. स्कूटर गेल्याचा आवाज मला ऐकू आला नाही. पंप धडधडू लागला होता.